तिसऱ्या पोर्टात काहीच नव्हतं

समस्त वाचकांस, विशेषतः ज्यांचा कम्प्युटर या क्षणी झोपलेला आहे अशा वाचकांस, कळविण्यात येते की, सदर निवेदन अत्यंत गंभीर स्वरूपाचे असून ते उभ्याने वाचू नये. चहा घेऊन बसावे. काळीज नाजूक असल्यास सोबत बिस्कीट घ्यावे. ज्यांचा जोडीदार परजिल्ह्यात नोकरीस आहे त्यांनी निवेदन दोनदा वाचावे. ज्यांचा जोडीदार आत्ता शेजारच्याच खोलीत आहे त्यांनी आधी उठून त्याला एकदा पाहून यावे व मगच पुढे वाचावे.

हुश्श... बावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत परिपत्रकं वाचून हाताला हे वळण लागलंय. आता माणसासारखं लिहितो.

या सदरातले अनुभव मी चवीनं वाचतो. घाटात लिफ्ट मागणारी बाई, विहिरीवरचे उलटे पाय, सगळं. पण विश्वास? अजिबात नाही! आमच्या आजोबांनी छप्पन्न साली देव्हारा भिंतीवरून उतरवला तो उतरवलाच, आणि देवाबरोबर भुतांनाही घराबाहेर काढलं. बाबा म्हणायचे, "भूत भेटलं तर जयभीम घाल आणि शाळा कितवीपर्यंत झाली ते विचार." आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये पांढरी चादर घेऊन भुताचं काम दरवर्षी मीच करतो आणि पहिलीची पोरं मला बघून हसतात. सांगायचा मुद्दा, भुताच्या बाबतीत मी इतका कोरडा माणूस.

तर स्थळ नीट सांगतो. मी उमरीला, नांदेड जिल्ह्यात. माझी बायको शोभा जळकोटला, लातूर जिल्ह्यात. दोघंही जिल्हा परिषदेचे शिक्षक. नकाशावर बोट ठेवलं तर दोन्ही गावं एका वितीत येतात, पण मध्ये जिल्ह्याची हद्द आहे. लग्न ठरलं तेव्हा शोभाचे वडील मुरुडहून आले होते. ते माझ्या बाबांना म्हणाले, "बदलीचं काय हो, वर्षा-दोन वर्षांत होऊन जातंय." त्या वर्षा-दोन वर्षांची एकोणीस वर्षं झाली. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी रेल्वेनं नांदेड, तिथून बसनं जळकोट. सोमवारी उजाडायच्या आत परत. एकोणीस वर्षांतले रविवार मोजले तर आमचा संसार पावणेतीन वर्षांचा भरतो. सुट्ट्या धरून थोडा जास्त. लेक आईपाशीच वाढली आणि आता बारावीसाठी लातूरला वसतिगृहात आहे. म्हणजे अलीकडे शोभा तिकडे एकटी, मी इकडे एकटा.

यावर सरकारी औषध आहे, त्याचं नाव 'पती-पत्नी एकत्रीकरण'. दोघांपैकी एकानं ऑनलाइन अर्ज करायचा आणि दुसऱ्याच्या जिल्ह्यात जायचं. पण जो जातो तो नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठतेच्या यादीत शेवटी जाऊन बसतो. वीस-बावीस वर्षांची नोकरी, आणि नंबर कालच्या पोरासोरांच्या मागे! इकडे मी मुख्याध्यापक व्हायच्या रांगेत पुढे सरकत होतो, तिकडे शोभाही. त्यामुळे दरवर्षी ती म्हणायची, "तुमचं प्रमोशन जवळ आलंय, यंदा राहू द्या." मीही म्हणायचो, "तुझंही जवळ आलंय, राहू दे." असं करत दोघांनी एकमेकांच्या खुर्च्या इतक्या जपल्या की बसायला एकत्र घरच नव्हतं.

आता कम्प्युटर. शाळेची सगळी माहिती हल्ली ऑनलाइन भरावी लागते. म्हणून नांदेडच्या खलीलभाईंच्या दुकानातून मी एकसारखे दोन जुने कम्प्युटर घेतले. कुठल्याशा ऑफिसातून निघालेले, काळे, जुळे भाऊ. एक उमरीला, एक जळकोटला.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जळकोटला असताना माझ्या अंगात विद्वत्ता संचारली. शोभाच्या कम्प्युटरची फर्मवेअर अपडेट करायला बसलो. शोभा म्हणाली, "चाललंय ते चालू द्या की." पण मी ऐकतो होय? काम अर्ध्यावर आलं आणि लाईट गेली. परत आली तेव्हा कम्प्युटर पंखा फिरवत होता, बाकी काही नाही. ठार.

फर्मवेअर म्हणजे काय ते आमच्या भाषेत सांगतो. कम्प्युटर म्हणजे मुख्याध्यापक आणि फर्मवेअर म्हणजे शाळेचा शिपाई. मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये तो राहतो. मुख्याध्यापक झोपले की किल्ल्या याच्याकडे. माऊस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह ज्यात खुपसतो ते यूएसबी पोर्ट म्हणजे शाळेची फाटकं. साहेब झोपलेले असताना कुठल्या फाटकावर दिवा ठेवायचा, कुठलं अंधारात ठेवायचं, कुणी कडी वाजवली तर साहेबांना उठवायचं आणि कुणाला 'उद्या या' म्हणायचं, हे सगळं शिपाई ठरवतो. लाईट गेली तेव्हा मी त्या शिपायाचंच डोकं अर्धं काढून ठेवलं होतं.

कम्प्युटरचा डबा उचलून नांदेडला गेलो. खलीलभाई म्हणाले, "सर, तुम मास्तर लोगां पढाव ना, चिप कायकू छेड़ते?" मग त्यांनी माझा उमरीचा कम्प्युटरही मागवून घेतला. त्याच्या चिपला चिमटा लावून आतलं सगळं जसंच्या तसं उतरवलं आणि शोभाच्या चिपमध्ये भरलं. "लो. अब दोनों में एकीच आदमी बैठा है. नंबर भी एकीच."

मी म्हणालो, "आणखी एक करा. पंख्याच्या वाऱ्यानं माऊस हलतो आणि झोपलेला कम्प्युटर उठून बसतो. ते बंद करा."

त्यांनी दोन्हीकडे ते बंद केलं. म्हणजे शिपायाला ताकीद... साहेब झोपले की सगळ्या फाटकांवरचे दिवे बंद, आणि कुणीही कडी वाजवली तरी उठवायचं नाही. समोरचं पॉवरचं बटण दाबलं तरच. मी घरी येऊन बघितलं. कम्प्युटर झोपवला की माऊसच्या पोटाखालचा लाल दिवा विझायचा. माऊस आपटा, घासा, काही होत नव्हतं.

हे लक्षात ठेवा. इथून पुढं सगळं बिघडतं.

शाळा सुरू झाल्यानंतरचा सोमवार. संध्याकाळी पावणेसहाची वेळ. मी स्वयंपाकघरात सुशीला करत होतो. चुरमुरे भिजवून पिळले, फोडणी टाकली आणि मागच्या भिंतीवर निळा उजेड पडला. वळून बघतो तर पुढच्या खोलीत कम्प्युटर उठलेला! पडदा चालू, माऊसखाली लाल दिवा. खोलीत कुणी नाही, पंखा बंद.

झोपवला. मंगळवारी पुन्हा, सहाला पाच कमी असताना. बुधवारी नाही. गुरुवारी साडेपाचलाच. शनिवार-रविवार मी जळकोटला. सोमवारी पुन्हा.

मास्तर माणूस... मी पाठाच्या टाचणवहीच्या मागच्या पानावर वेळा लिहायला लागलो. खलीलभाईंना फोन केला. ते म्हणाले, कम्प्युटरला विचारता येतं की बाबा, तुला शेवटचं कुणी उठवलं. त्यांनी सांगितलेली आज्ञा टाईप केली. उत्तर आलं... यूएसबी, पोर्ट तीन.

मी टेबलाखाली वाकून बॅटरी मारली. माझा माऊस एक नंबरात, कीबोर्ड दोन नंबरात. तिसऱ्या पोर्टात काहीच नव्हतं. कोळ्यानं तिथं जाळं केलं होतं, आणि ते जाळंही शाबूत.

त्या रात्री शोभाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "त्याला बी सहाला चहा लागत असंल. तुमच्यासारखाच हाय."

मग एका गुरुवारी तिचा फोन संध्याकाळीच आला. "अहो, आत्ताच आले शाळेतून. पटसंख्येची माहिती आजच मागून राहिलेत, बसते आता कम्प्युटरवर, म्हणून आधीच फोन केला..."

'कम्प्युटरवर' म्हणेपर्यंत माझ्यासमोरचा पडदा उजळला.

"शोभा," मी म्हणालो, "आत्ता काय केलंस?"

"काय केलं? काय न्हाई. माऊस हलवला."

"तुझा कम्प्युटर तर माऊसनं उठत नाही! खलीलभाईंनी बंद केलंय ना?"

"मला काय म्हाईत. बटन दाबलं, मग माऊस हलवला."

"माऊस कुठल्या पोर्टात आहे? मोज बरं."

ती वाकली असावी. आवाज टेबलाखालून आला. "एक... दोन... तीन. तिसऱ्यात. काऊन?"

मी हातातल्या फोडणीच्या पळीसकट खाली बसलो.

पुढचा अर्धा तास आम्ही दोघांनी जे केलं ते दोन शिक्षकांना शोभणारं नव्हतं. तिचं नेट म्हणजे मोबाईलचं हॉटस्पॉट, ते बंद केलं. मी माझी नेटची वायरच उपटली. "मी माझा झोपवलाय. आता मला न सांगता हलव." मी पडद्याकडे टक लावून. उजेड! "हलवलास?" "हाव!" पुन्हा झोपवला. पुन्हा उजेड. "हलवलास?" "हाव!" तिसऱ्यांदा उजेड आला आणि ती गंभीर आवाजात म्हणाली, "न्हाई. मी तर लांब उभी हाय."

माझ्या अंगावर सर्रकन काटा. आजोबांनी काढून दिलेली सगळी भुतं परत दारात उभी! आणि तिकडून खी खी खी. "फसले! फसले! हलवला होता वो!"

मग उलटंही करून बघितलं. मी माझा माऊस हलवला की जळकोटला तिचा झोपलेला कम्प्युटर उठायचा. ती ओरडली, "अगं बाई! उठला की वो!"

खलीलभाई एका शुक्रवारी नमाज पढून रेल्वेनं उमरीला आले. त्यांनी वायरी काढल्या, बॅटरी बदलली, कम्प्युटर दुसऱ्या खोलीत नेला. "सर, एक जैसा प्रोग्रॅम लाखों बोर्ड में रहता. ऐसा होने लगा तो दुनिया के सब कम्प्युटर एकदम उठेंगे. हो इच नै सकता." आणि त्यांच्या तोंडासमोर पडदा उजळला. मी घड्याळ दाखवलं, "मॅडम घरी आल्या." खलीलभाईंनी चहा उभ्यानंच संपवला, पाने-स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकले आणि म्हणाले, "मेरेकू साडेसात की गाड़ी मिलना," आणि गेले. तेव्हा सहा वाजले होते.

इथपर्यंत गंमत होती. पण खरं सांगू का...

मी त्या उजेडाला लागलो. शाळा सुटली की चौकात कुणाशी बोलायला थांबेना. घरी येऊन कम्प्युटर चालू करायचा, झोपवायचा आणि समोर बसायचं. पडदा काळा. त्यात माझंच तोंड. आणि मग कधीतरी तो उजळायचा. म्हणजे ती आली. कुलूप काढलं, पर्स खुंटीला अडकवली, पाणी प्यायली असेल. फोन काय, फोन एकोणीस वर्षं होताच. फोनवर भाजी काय केली, लेकीचा पेपर कसा गेला, गॅस संपला का. फोनवर मी हसतमुख असायचो, तीही असायची. या उजेडात मात्र काहीच नव्हतं, नुसता हात होता. तिनं तिकडे हात ठेवला आणि तो मला इकडे दिसला, एवढंच. तिला कळलं होतं मी बसलेला असतो. कधी कधी मी कम्प्युटर झोपवायचो, ती परत माऊस हलवायची, मी परत झोपवायचो. माझा पडदा लागायचा-विझायचा, लागायचा-विझायचा. आठला फोन यायचा तेव्हा त्याबद्दल ती एक शब्द बोलायची नाही. मीही नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झालेली माणसं, लाज वाटायची!

ज्या दिवशी उजेड येत नसे त्या दिवशी मी जेवायचं विसरायचो.

आधी सहा दिवस कसेही जायचे, सवयीचे होते. आता रोज संध्याकाळी एक घास मिळायला लागला आणि भूक काय असते ते कळलं.

अशात बदलीचं पोर्टल उघडलं. शोभा नेहमीप्रमाणे म्हणाली, "यंदा राहू द्या." मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "बरं." पण या वेळी मनात दुसरंच होतं. गेली ती सेवाज्येष्ठता खड्ड्यात! गुपचूप अर्ज करायचा आणि आदेश घेऊनच जळकोटला जायचं. दारात उभं राहून म्हणायचं, 'मॅडम, खोली भाड्यानं मिळेल का?' वाक्य पाठसुद्धा केलं होतं.

शेवटचा दिवस बुधवार, सायंकाळी सहापर्यंत मुदत. सकाळी फोनवर सांगितलं, "आज शाळा तपासणी आहे, सहा वाजतील." ती म्हणाली, "माझंबी केंद्रावर ट्रेनिंग हाय, सहाच वाजतील."

अर्धी रजा टाकून अडीचला घरी आलो. बटण दाबलं, माऊस हलवला, अर्ज भरला. पसंतीचा जिल्हा... लातूर. सगळ्यात शेवटी 'सादर करा'. तिथं बोट अडकलं. डोळ्यासमोर मुख्याध्यापकांची खुर्ची आली, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली. काय असतं हो त्या टॉवेलात? मी डोळे मिटले आणि दाबलं.

कम्प्युटर झोपवून चहा टाकायला गेलो. दूध वर येतं न येतं तोच भिंतीवर निळा उजेड.

चार वाजले होते. शोभा तर ट्रेनिंगला. मग जळकोटच्या घरात माऊस कोण हलवतंय? चोर?

फोन लावला. "कुठं आहेस?"

"ट्रेनिंगला," ती कुजबुजली. "पटकन बोला, साहेब बघून राहिलेत."

आणि मागं कुकरची शिट्टी झाली.

"ट्रेनिंगला कुकर लावलाय?"

"ते... शेजारी अंगणवाडी हाय, खिचडी चाललीय. तुम्ही कुठं हायता?"

"शाळेत. तपासणी चालू आहे."

ती सावकाश म्हणाली, "अहो, अडीच वाजता माझा कम्प्युटर उठला."

पकडले गेलो. दोघंही.

"काय करून राहिलात घरी बसून?"

"अर्ज केला," मी म्हणालो. "लातूरसाठी. आत्ताच सादर केला. तुला आदेशच दाखवणार होतो. तू काय करतेयस?"

कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

"शोभा?"

"मीबी केला," ती म्हणाली. "नांदेडसाठी. दुपारीच. आत्ता प्रिंट काढायला बसले होते..." आणि मग एकदम किंचाळली, "अहो! म्हणजे तुम्ही हिकडं आणि मी तिकडं! आणि पुन्हा शनिवारीच गाठ!"

बदली एकदा झाली की पुढची काही वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही. एकोणीस वर्षं थांबून आम्ही जागांची नुसती अदलाबदल करून घेतली असती. सहापर्यंत अर्ज मागे घेता येत होता.

"तू मागे घे."

"तुम्ही घ्या. तुम्हाला खुर्ची मिळून राहिली."

"तुलाही मिळते आहे की!"

"मला टॉवेलवर बसायची हौस न्हाई."

"मलाही नाही!"

भांडता भांडता पाच वाजून गेले, तसा मी हळूच माऊस पुढे ओढला. एवढ्यात ती ओरडली, "थांबा! तुम्ही मागं घ्यायला बसलाव का?"

"...हो. आणि तू?"

"मीबी! येडे का खुळे! दोघांनी घेतलं तर सगळंच गेलं की! हात काढा माऊसवरनं. हात वर करा. दोन्ही!"

"केले."

"मग फोन कशानं धरलाय?"

"खांद्यात धरलाय."

तिला हसू आलं, आणि हसता हसता आवाज बदलला. "ऐका," ती म्हणाली. "तुम्ही या. मी येऊ शकते, न्हाई असं न्हाई. पर एकोणीस वर्षं सोमवारी अंधारात तुमचा डबा भरला आणि दारात उभं राहिले. त्याच दारात मला एक सोमवार तुम्हाला शाळेतनं घरी येताना बघायचाय. मग सोडते मी बी हट्ट."

मी वर केलेले हात सावकाश खाली घेतले.

शेवटी म्हणालो, "आणि टॉवेल?"

"अंघोळीला देते की."

अर्ज मागे घ्यायला मोबाईलवर ओटीपी येतो, आणि तिच्याकडे बोलणं चालू असलं की मोबाईलचं नेट बंद पडतं. म्हणून फोन ठेवावा लागला. "माऊसला हात न लावता मोबाईलवरनंच मागं घेते, झालं की माऊस हलवते," ती म्हणाली. "तुम्ही फोन करू नका, मधेच अडकंल."

मी कम्प्युटर झोपवला. माऊसचा लाल दिवा विझला. साडेपाच. पडदा काळा. पाच पस्तीस... शेवटच्या दिवशी पोर्टल कसं चालतं ते तुम्हाला माहीत आहे. पावणेसहा. चहावर साय धरली होती. सहाला दहा कमी. मी नास्तिक माणूस त्या काळ्या पडद्यापुढे हात जोडून बसलो होतो. कुणापुढे जोडले होते ते आजही सांगता येणार नाही. तिच्याच, बहुतेक.

सहाला सहा मिनिटं कमी असताना उजेड आला. मी झोपवत गेलो, ती हलवत गेली.

मग विझला. मग आला. मग विझला. मग आला... मी मोजायचं सोडून दिलं. काही दिसतच नव्हतं.

आदेश निघायला बरेच महिने लागले, पण निघाला. जळकोटपासून मोटारसायकलीनं वीस मिनिटांवरची शाळा मिळाली. यादीत मी सगळ्यात खाली आहे. माझ्या वरचा मास्तर माझ्या लेकीपेक्षा थोडासाच मोठा असेल, मला 'काका' म्हणतो. शोभा तिच्या शाळेची मुख्याध्यापिका झाली. पहिल्या सोमवारी शाळेतून घरी आलो तेव्हा ती खरंच दारात उभी होती. माझं पाठ केलेलं वाक्य, 'मॅडम, खोली भाड्यानं मिळेल का', मी विसरून गेलो.

टेम्पोतून सामान आलं त्यात माझा कम्प्युटरही होता. पहिल्याच रविवारी दोन्ही शेजारी शेजारी मांडले, एकाच टेबलावर, एकाच बोर्डाला. दोन्ही झोपवले. शोभाचा बटणानं उठवला, तिचा माऊस हलवला. माझा... ढिम्म! पुन्हा हलवला. उलट करून बघितलं. माऊस, कीबोर्ड, सगळी फाटकं वाजवली. इकडचा उठेना, तिकडचा उठेना. ऐंशी-शंभर किलोमीटरवरून उठणारा कम्प्युटर वितीवरून हाक ऐकेना.

खलीलभाई जळकोटला आले. चिमटा लावून दोन्ही चिपा वाचल्या. आतला प्रोग्रॅम तोच, नंबर तोच, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. "अब बराबर चल रहे, सर," ते म्हणाले. "ऐसाच चलना चाहिए."

तेच तर! आता बरोबर चालतात ते कळतं. तेव्हा कसे चालत होते त्याचं उत्तर खलीलभाईंकडे नाही, माझ्याकडे नाही, टाचणवहीच्या मागच्या पानावरही नाही. तिसऱ्या पोर्टातलं जाळं मी अजून झाडलेलं नाही. वाचकांपैकी कुणाला काही सुचलं तर जरूर कळवावं. मात्र भूत सोडून, कारण तो विषय आमच्याकडे छप्पन्न सालीच संपलाय.

त्या रविवारी मात्र मी हट्टाला पेटलो होतो. दोन्ही हातांनी दोन माऊस घासत तासभर बसलो. खरं म्हणजे थोडं वाईटही वाटत होतं. तो उजेड पुन्हा एकदा बघायचा होता, एकदाच. शोभा मागं जमिनीवर बसून मेथी निवडत माझी गंमत बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. हातातली जुडी ताटात आपटून ती म्हणाली,

"अहो, सोडा की आता! त्यांचंबी एकत्रीकरण झालं न्हाई का!"